पन्ह्याचा हिशेब

लेडीज टेलरकडे ब्लाउज टाकायला गेलेल्या बाईने जाता जाता ‘चार उशांचे अभ्रेही शिवून द्याल का?’ असे विचारून पाहावे. बहुतेक ठिकाणी ‘ठेवून जा, बघते’ असे उत्तर येते, आणि त्या गठ्ठ्याला हात लागेपर्यंत गणपती उलटून दिवाळी येते. यात टेलरचा आळशीपणा नसतो. ब्लाउजच्या कटोरीला कसब लागते आणि त्या कसबाचे पैसे मिळतात. अभ्र्याला लागतात चार सरळ टिपा, आणि सरळ टिपेला गल्लीत भाव नाही. पानिपत किंवा करूरच्या कारखान्यांत कापडाच्या थप्प्या एकदम कापल्या जातात आणि एकच बाई दिवसभर एकच शिवण मारते. तिथल्या दराशी बरोबरी करणे गल्लीतल्या एकट्या मशीनला जमत नाही. म्हणून पिशव्या, अभ्रे, पडदे, फडकी, दुपटी ही कामे आता एकतर कारखान्यात होतात, नाहीतर घरात.

घरात ती करणे खरोखर स्वस्त पडते का, हा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. ऑनलाइन दुकानांत आणि आठवडी बाजारात तयार अभ्र्यांची जोडी इतकी स्वस्त मिळते की नुसते कापड घ्यायला गेले तरी कधी कधी जास्त पैसे मोजावे लागतात. तरीही काही घरांत वर्षानुवर्षे हे काम चालते आणि ती घरे तोट्यात नसतात. त्यांचा हिशेब तपासला तर एक गोष्ट दिसते. ती माणसे मशीनवर फारसे वाचवत नाहीत, वाचवतात ते कापडाच्या दुकानात, टीप घालण्याच्या आधीच. कोणते कापड, किती पन्ह्याचे, किती लांब आणि कुठून घ्यायचे हे ज्याला कळते त्याला घरची शिवण परवडते. बाकीच्यांची हौस होते, आणि हौसेलाही हरकत नाही.

पूर्वी हा हिशेब मांडायची गरजच नव्हती, कारण घरात शिवायच्या बहुतेक वस्तूंना कापड विकत आणायचे नसे. गोधडी हे त्याचे सगळ्यांत मोठे उदाहरण. कुठे तिला वाकळ म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात कवदी. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरांच्या आसपास असते. ते दोनदा दुमडले की एका माणसाच्या अंथरुणाएवढे चार थर एकाच लुगड्यातून मिळतात. त्यात एखादे विरलेले धोतर घातले, वरून त्यातल्या त्यात धड पातळ लावले की गोधडीचे सामान जमले. विकत आणायचा तो फक्त दोरा. कडेपासून सुरुवात करून आत आत येणारा धावदोरा आज नक्षी म्हणून वाखाणला जातो, पण तो जवळ जवळ घालण्याचे कारण वेगळे होते. आतले जीर्ण कापड धुताना गोळा होऊ नये, यासाठी ती सगळी बांधणी. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका अशीच ‘कवंदी’ शिवतात, आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची फुले बसवल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. त्यांच्या कवंद्या आता कलादालनांत टांगल्या जातात. महाराष्ट्रातल्या गोधडीलाही शहरात बुटिकचे दिवस आले आहेत, आणि नव्या कोऱ्या कापडाची, मशीनवर टिपा मारलेली ‘गोधडी’ विकली जाते. ती दिसते छान, पण धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताची ऊब नव्या कापडाला यायला काही वर्षे जावी लागतात.

बाळंतविड्याचेही तसेच. टोपडी, कुंची, झबली, दुपटी, लंगोट यांना जुनी सुती साडीच हवी असे आजीने सांगितले, तर त्यात कंजूषपणापेक्षा शहाणपण अधिक होते. शंभर वेळा धुतलेल्या साडीत ना खळ उरते, ना सुटणारा रंग.

शिवणयंत्राने या कामाचा वेग बदलला. आयझॅक सिंगरने अमेरिकेत १८५१ साली पेटंट घेतले आणि काही दशकांत ते काळे, सोनेरी वेलबुट्टीचे यंत्र जगभर पोचले. यंत्रांवर सडकून टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली ‘यंग इंडिया’त सिंगरच्या यंत्राला अपवाद केले होते. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३५मध्ये देशी शिवणयंत्र बनवायला घेतले. तेच पुढे ‘उषा’ म्हणून घराघरांत आले, कित्येकदा लेकीच्या लग्नातल्या भांड्यांबरोबर. कापड मात्र त्या काळात दुर्मीळ होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सरकारने कापड आणि सूत नियंत्रणाचा आदेश काढला. स्वातंत्र्यानंतरही स्वस्त कापड हा सरकारी योजनांचा विषय राहिला, आणि १९७६मध्ये हातमागावरच्या ‘जनता कापडा’ची योजना आली. ज्या पिढीने हे पाहिले, ती पिढी ब्लाउजपीसचा कागद आणि साडीचा फॉलसुद्धा जपून ठेवते, यात नवल नाही.

आज उलटे झाले आहे. कापड भरपूर आहे, वेळ नाही. त्यामुळे काय घरी शिवावे आणि काय विकत आणावे याची वाटणी नव्याने करावी लागते.

पिशवी शिवावी, हे पहिले. ३६ इंच पन्ह्याचे अर्धा मीटर कापड, म्हणजे साडेएकोणीस इंचांहून थोडे जास्त, एका पिशवीला तंतोतंत पुरते. पन्ह्याच्या दिशेने ३६ इंच लांब आणि १५ इंच रुंद पट्टी कापायची. मधोमध दुमडून, बाजूच्या शिवणी आणि वरची दोन इंचांची दुमड वजा केली की १४ बाय १६ची पिशवी तयार होते. उरलेल्या साडेचार इंची पट्टीचे दोन तुकडे केले, प्रत्येकाच्या चार घड्या घातल्या, की दोन बंद झाले. चिंधीदेखील उरत नाही. बंद जिथे पिशवीला जोडतो तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारली, की पाच किलो बटाट्यांनाही ती दाद देत नाही. बाजारातल्या स्वस्त पिशव्या नेमक्या तिथेच फाटतात.

अभ्रा हा त्याहून चांगला धडा, कारण पन्ह्याची गंमत त्यात कळते. नेहमीची उशी १७ बाय २७ इंचांची असते. आत झडप असलेला, बटण-नाडी न लागणारा अभ्रा करायचा तर १८ इंच रुंद आणि ६२ इंच लांब पट्टी लागते. पुढची-मागची बाजू मिळून ५४ इंच, झडपेला ६, दोन्ही टोकांच्या दुमडीला २. ३६ पन्ह्यात अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसतात, ५८ पन्ह्यात तीन. ४४ पन्ह्यात मात्र दोनच बसतात आणि आठ इंच उरतात. समजा, एकाच जातीचे कापड ३६ पन्ह्यात ८० रुपये मीटर, ४४मध्ये ९० आणि ५८मध्ये ११० आहे. आटण्याची सोय धरून प्रत्येकाचे पावणेदोन मीटर घेतले, तर अभ्रा अनुक्रमे ७०, ७९ आणि ६४ रुपयांना पडतो. दुकानात मीटरचा भाव विचारून जो ‘स्वस्त’ म्हणून ३६ पन्हा उचलतो तो इथे सहा रुपयांनी हरतो, आणि मधला पन्हा घेणारा सगळ्यांत जास्त. त्याच ४४ पन्ह्याचा झबल्याला किंवा ताटावरच्या रुमालांना उत्तम उपयोग होतो. म्हणजे वस्तू आधी ठरवायची, पन्हा मग. कापडाच्या दुकानात बहुतेक लोक याच्या बरोबर उलटे करतात: आधी डिझाइन आवडते, मग त्याचे काय करायचे याचा विचार घरी आल्यावर.

चादरीचा हिशेब मात्र घरच्या बाजूने फारसा झुकत नाही. एका माणसाच्या ६० बाय ९० इंचांच्या चादरीला ६० पन्ह्याचे अडीच मीटर कापड लागते आणि त्यावर कारागिरी म्हणून फक्त दोन दुमडी. तयार चादर बहुधा तेवढ्यातच मिळते. डबल बेडला ९० किंवा त्याहून मोठा पन्हा शोधावा लागतो, आणि तो साध्या दुकानात असतोच असे नाही. अरुंद कापड जोडून चादर करायचीच असेल तर जुन्या बायकांची युक्ती अजून चालते. जोड मधोमध न घेता एका पन्ह्याचे उभे दोन भाग करून ते दोन्ही बाजूंना लावायचे, म्हणजे पाठीखाली शिवण येत नाही. टॉवेलच्या वाटेला तर जाऊच नये. टेरीचे कापड कापले की कडांमधून सूत गळत राहते, आणि सोलापूरसारखे टॉवेलचे गाव राज्यात असताना ती यातायात कशाला? सोलापुरी चादरीप्रमाणेच तिथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

घरच्या शिवणीचा खरा फायदा विचित्र मापांत असतो. जुन्या घरांच्या खिडक्या कोणत्याही तयार पडद्याच्या मापात बसत नाहीत. देवघराच्या चौरंगाचे आसन, पोथीचे बासन, झोपाळ्याची गादी, तान्ह्या बाळाच्या पाळण्याचे अंथरूण, ओट्यावरच्या खाचेत बसणारा रुमाल, दिवाणाखालच्या ट्रंका झाकणारी झालर यांना बाजारात माप नाही. इथे टेलर नको म्हणतो, दुकानात मिळत नाही, आणि घरात अर्ध्या तासाचे काम असते. कव्हरांचा उत्साह मात्र आवरता घ्यावा. मिक्सरवर कव्हर घालण्यात अर्थ आहे, पण फ्रिजच्या मुठीला मोजा घालण्यात तो कुणालाच सापडलेला नाही, तरी मोजे शिवले जात आहेत.

आता कापडाकडे वळू.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हा मुंबईत गिरण्यांचे राज्य होते. कावसजी दावर यांनी १८५४मध्ये पहिल्या सूतगिरणीची उभारणी सुरू केली होती आणि गिरणगाव पुढची सव्वाशे वर्षे देशाला कापड पुरवत राहिले. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांची घसरण थांबली नाही. कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले. गिरणीचा शिक्का, पन्हा आणि ‘आटणार नाही’ची हमी काठावर छापलेले कापड हळूहळू दुकानांतून दिसेनासे झाले. गिऱ्हाइकाला ते फारसे जाणवले नाही, पण घरी शिवणाऱ्याच्या डोक्यावर एक काम वाढले. कापडाची पारख आता त्यालाच करावी लागते.

यंत्रमागावरून उतरते ते ‘ग्रे’, म्हणजे कोरे, पिवळसर, खळ असलेले कापड. त्यातले बरेचसे राजस्थानात पाली-बालोतऱ्याला किंवा गुजरातेत जाऊन पांढरे होते, रंगते, छापले जाते आणि पॉपलीन, केंब्रिक अशा नावांनी पुन्हा इथल्याच दुकानांत येते. विदर्भातल्या शेतात पिकलेला कापूस इतका प्रवास करून यवतमाळच्या बाजारात चादर म्हणून परततो, तोवर त्याच्यावर किती जणांनी हात मारलेला असतो ते शेतकऱ्याने न मोजलेलेच बरे. घरगुती कामाला मात्र हा प्रवास अर्ध्यावर तोडता येतो. न रंगवलेले मांजरपाट सगळ्यांत स्वस्त पडते, आणि पिशव्या, गादीच्या खोळी, अस्तर, पोह्या-डाळींच्या थैल्या, मोड आणायचे फडके यांना त्याहून चांगले कापड नाही. फक्त ते स्वयंपाकघरात नेण्याआधी उकळत्या पाण्यात टाकून खळ पूर्ण काढावी लागते. चक्का बांधायला त्याहून विरळ मलमल किंवा जुना पंचा हवा. पडद्यांना आणि जाड पिशव्यांना केसमेंट चांगले. भाजीच्या भारी पिशवीला डक किंवा कॅनव्हास, पण त्यासाठी मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई घालावी लागते, नाहीतर सुया मोडत राहतात.

स्वस्त कापड मिळण्याची ठिकाणे प्रत्येक शहरात आहेत आणि ती बहुधा मुख्य रस्त्यावर नसतात. मुंबईत काळबादेवीचे मूळजी जेठा मार्केट १८७४पासून चालू आहे. तिथला व्यवहार मुख्यतः घाऊक. किरकोळ गिऱ्हाइकाने क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटात जावे, रविवार टाळून. दादरचे हिंदमाता, उल्हासनगरचे गजानन मार्केट, पुण्यात रविवार पेठेतले कापडगंज, नागपुरात गांधीबाग, कोल्हापूरजवळ सिंधी व्यापाऱ्यांचे गांधीनगर ही नावे त्या त्या भागातल्या बायकांना तोंडपाठ असतात. लक्ष्मी रोडवर जे कापड काचेआड असते, तेच कापडगंजात ताग्यांच्या थप्पीत दिसते. फरक भावाचा जितका, तितकाच वागणुकीचा. तिथे कुणी पाणी विचारत नाही आणि तागा उलगडून दाखवताना दुकानदाराच्या चेहऱ्यावर ‘घेणार आहात का?’ हा प्रश्न स्पष्ट असतो.

खरी स्वस्ताई मात्र ताग्यात नाही, तुकड्यांत आहे. तागा संपत आला की राहतो तो कटपीस. दीड-दोन मीटरच्या तुकड्यात ड्रेस बसत नाही म्हणून तो दुकानदाराला अडगळ वाटतो, पण दोन अभ्रे किंवा तीन पिशव्या त्यात सहज निघतात. घरगुती वस्तूंचा आणि कटपीसचा मेळ इतका नेमका बसतो की ताग्यातून कापड फाडून घेऊन पिशव्या शिवणारा माणूस चुकतोच आहे असे म्हणावे. लग्नसराई आटोपल्यावर आषाढात आणि दिवाळीनंतर दुकाने असे तुकडे मोकळे करतात. खादी भांडारांत गांधीजयंतीपासून सूट असते. तेव्हा खादी घ्यावी ती कपड्यांसाठी. पायपुसण्याला ती वापरणे म्हणजे उधळपट्टी.

किलोवर मिळणाऱ्या कापडाला एक साधे गणित लागते. चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणारे मध्यम सुती कापड ३६ पन्ह्यात घेतले तर किलोत सुमारे सात मीटर येते. जाड कॅनव्हास दुप्पट भरतो, म्हणजे मीटर निम्मे. तेव्हा वजनावर घ्यायचे ते पातळ कापड. जाड कापड मीटरवरच परवडते. गठ्ठ्यात वरचे तुकडे मोठे आणि आतले वितीएवढे असतात हे सांगायला नकोच. गठ्ठा उलगडून पाहू देत नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

पारख करायच्या खुणा मोजक्याच आहेत. कापड बोटांत चोळले आणि पांढरी भुकटी झाली, तर त्यातले वजन सुताचे कमी आणि खळीचे जास्त आहे. पहिल्या धुण्यात ते मच्छरदाणी होते. उजेडासमोर धरून विणीतली भोके पाहावीत. सुताचा संशय आला तर कडेचे चार धागे ओढून काडी लावावी. सूत कागदासारखे जळते आणि राख बोटात विरते. पॉलिस्टर वितळते आणि कडक काळा मणी उरतो. ही परीक्षा नुसत्या शुद्धतेच्या हट्टापायी नाही. तापलेली कढई उचलायचे फडके पॉलिस्टरचे असले तर ते वितळून हाताला चिकटते. ओट्याजवळ वापरायची प्रत्येक वस्तू सुतीच हवी. उलट, खिडकीच्या पडद्याला सुताचा आग्रह धरण्याचे कारण नाही. सिंथेटिक साडीचा पडदा उन्हात सुती पडद्यापेक्षा जास्त टिकतो, वाळतो पटकन आणि त्याला इस्त्री लागत नाही. फक्त तो गॅसपासून लांब असावा.

कापड घरी आणल्यावर आधी भिजवायचे, वाळवायचे, मग कापायचे. मीटरमागे इंच-दीड इंच आटणे ही सुती कापडाची नेहमीची सवय आहे. आटते ते मुख्यतः लांबीत, म्हणून मापात लांबीची सोय धरावी. मिठाच्या पाण्यात ठेवले की रंग पक्का होतो, ही समजूत घरोघर आहे. पण कच्चा रंग मीठ टाकूनही कच्चाच राहतो. एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासला की दुकानातल्या दुकानात ते कळते. साधे सुती कापड कात्रीने कापण्यापेक्षा काठाला चीर देऊन फाडावे, म्हणजे ते धाग्यात सरळ फाटते. घरच्या अभ्र्यांना पीळ पडतो त्यामागे बहुधा वाकडी कात्री असते.

सगळ्यांत स्वस्त कापड अर्थातच कपाटात असते. पाचवारी सुती साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. सात फुटी दाराला वरची नेफ्याची आणि खालची दुमड धरून ९५ इंचांचा एक पडदा घेतला, तर एका साडीत दोन पडदे निघतात आणि वर २६ इंच उरतात, एका मोठ्या गिरदीच्या खोळीला पुरतील इतके. काठ खाली आले की वेगळी झालर लागत नाही. पुरुषांच्या शर्टाची पाठ सहसा शेवटपर्यंत धड राहते. तिचे रुमाल होतात. जीन्सच्या पायांच्या पिशव्या होतात आणि त्या कधी फाटत नाहीत, पण घरच्या मशीनला चार पदरी जीन्स झेपत नाही. ते शिवण हातानेच करावे, नाहीतर शिवूच नये.

पूर्वी या कपड्यांवर बोहारणीचा हक्क असे. दारात बसून ती साडी उलगडे, उन्हात धरे, जरीला नाक मुरडे आणि शेवटी एका पातेल्यावर सौदा तुटे. कापड कुठे विरले आहे ते तिला एका नजरेत कळे, आणि जुने कापड निवडताना तीच नजर हवी. ताण येणारी जागा, म्हणजे निऱ्या, कमरेचा भाग, आधी विरते. पदर आणि आतले टोक धड असते. शहरांत बोहारीण दुर्मीळ झाली, तसे जुने कपडे सोसायटीच्या कोपऱ्यातल्या पेट्यांत जाऊ लागले. अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ने या कपड्यांना पुन्हा शिवणयंत्राखाली आणले. शाळेची दप्तरे, सतरंज्या, आणि पाळीसाठी धुऊन-निवडून तयार केलेल्या सुती कापडाच्या घड्या. गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कापडाच्या घडीबद्दल उघड बोलायला लावणे हे या कामाचे मोठे यश. घरी अशा घड्या शिवणाऱ्यांनी एक पथ्य पाळलेच पाहिजे: साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवणे. लाजेपोटी दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळवलेली घडी आजार देते.

मशीनबद्दल फार बोलण्याची गरज नाही. घरगुती वस्तूंना लागते ती सरळ टीप, आणि ती पन्नास वर्षे जुने पायमशीनही उत्तम मारते. दुरुस्त केलेले जुने काळे मशीन घ्यावे, हवी तर मोटर बसवावी. नवे, पन्नास नक्षींचे विजेवरचे मशीन घेणाऱ्या बहुतेकांच्या नक्षी पहिल्या आठवड्यातच वापरून संपतात. मशीन अजिबात नसले तरी पिशवी हाताने एका दुपारी होते. गावातल्या शिंप्यासाठी २०२३च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत साधनांसाठी १५ हजार रुपयांची तरतूद आहे, जिल्हा परिषदांच्या योजनांतूनही बायकांना मशीन मिळतात. अडचण मशीनची नाही, शिकवण्याची आहे.

शिवणाच्या क्लासात पहिला धडा झबल्याचा, मग परकर, मग ब्लाउज. मापांचे कोष्टक, मुंड्याचा गोल, कटोरी. नवी मुलगी महिन्याभरात मुंड्यापाशी अडते आणि मशीनवर चादर पडते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७०मध्ये स्वयंपाकाला वाटी-चमच्याचे माप दिले आणि नवख्या सुनांना धीर आला, शिवणाला तसे सरळ टिपेपासून, वितीपासून सुरू होणारे पहिले पाऊल क्लासातून मिळत नाही. महिनाभर नुसत्या पिशव्या, अभ्रे, नेफ्याचे पडदे शिवून घेतले, एक उरेब पट्टी काढून आसनाला गोट लावायला शिकवला, तर त्यातल्या निम्म्या मुली पुढे झबल्यालाही घाबरणार नाहीत. आणि ज्या पुढे जाणार नाहीत, त्यांना घरापुरते तरी आलेले असेल. मुलग्यांनाही हे शिकवायला हरकत नाही; बाजारात मशीनवर बसलेले शिंपी पिढ्यान् पिढ्या पुरुषच होते.

या कामातून कमाई होते का, हा पुढचा प्रश्न. २३ मार्च २०१८ला महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, २३ जूनपासून दंड सुरू झाला, आणि काही महिने कापडी पिशव्यांना सोन्याचे दिवस आले. बचत गटांनी मशीन घेतली. मग कापडासारख्या दिसणाऱ्या, पण मुळात प्लास्टिकच्याच न विणलेल्या पिशव्या दुकानांत आल्या. त्या कारखान्यात चिकटवल्या जातात, शिवल्या जात नाहीत, आणि त्यांच्याशी भावात लढणे कुठल्याच गटाला शक्य नव्हते. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये मास्क शिवायची वेळ आली तेव्हा याच बायकांची मशीने पुन्हा फिरू लागली. दुकाने बंद, म्हणून जुन्या चादरी फाडून त्यांचे थर झाले. तीही मागणी गेली. दोन्ही वेळा गटांनी एकच वस्तू, एकाच मापाची, मोठ्या संख्येने शिवली, म्हणजे ज्यात कारखाना जिंकतो नेमका तोच खेळ खेळला. ज्या गटांनी नंतर खणाच्या तोरणांकडे, जुन्या साड्यांच्या मापाबरहुकूम गोधड्यांकडे, बाळंतविड्याच्या संचाकडे मोर्चा वळवला त्यांना बरे दिवस दिसतात. गुळेदगुड्डचे खण अरुंद पन्ह्याचे आणि महाग, पण तोरणाला लागतो तो वीतभर तुकडा, आणि तो ब्लाउज शिवणाऱ्या टेलरच्या चिंध्यांत फुकट मिळतो.

या चिंध्यांची विल्हेवाट हा टेलरांपुढचा रोजचा प्रश्न आहे. आठवड्याला पोतेभर निघणारे रुबियाचे, खणाचे, सिल्कचे तुकडे बहुतेक ठिकाणी कचऱ्याच्या गाडीत जातात. जी बाई नेमाने जाऊन ते पोते मागते, तिला ते आनंदाने दिले जाते. अभ्रे शिवायला नाही म्हणणारी टेलरबाईसुद्धा चिंध्यांना नाही म्हणत नाही, उलट पोते कधी नेणार म्हणून निरोप धाडते.